‘९० दिवसांत लेखिका’ करणारा कोचिंग प्रोग्रॅम लावू का? (शिवणकामाचं पुस्तक आणि माझा क्लास)

सुईदोरा | ४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी इचलकरंजीची. घराच्या पुढच्या खोलीत अकरा वर्षं ब्लाऊज शिवते, त्यातली सहा वर्षं क्लासही घेते. मला ब्लाऊज कटिंगचं पुस्तक लिहायचं आहे, आपल्या मराठीत. हे डोक्यात आलं ते एका मुलीमुळं. क्लासमध्ये मी फळ्यावर सांगते ते मुली वहीत उतरवतात. त्यातली एक लग्न होऊन जत तालुक्यात गेली. तिनं तिथं त्या वहीच्या झेरॉक्स काढून जावेला आणि शेजारच्या दोघींना कटिंग शिकवलं आणि मला फोन करून सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही. मी कधी न पाहिलेल्या बायका माझ्या वाक्यांवरून कापड कापत होत्या.

आता मुद्दा. गेल्या रविवारी एक मोफत वेबिनार बघितला, तीन तासांचा. नवीन लेखक आणि स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी कोचिंग. ९० दिवसांत पुस्तक लिहून, छापून हातात. आयएसबीएन, कॉपीराइट, ऑनलाइन ‘बेस्टसेलर’चा शिक्का, शिवाय धंदा वाढवायचं मार्गदर्शन. फी ४५,००० अधिक जीएसटी. आज रात्री बारापर्यंत भरले तर हा भाव, नंतर ९०,०००.

मालक यंत्रमागावर जॉबर आहेत. माझ्याकडं पॉवर मशीनसाठी साठवलेले साठ हजार आहेत. ते म्हणाले, तुझे पैसे, तू ठरव. मला खरंच कळत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

मधलीआळी | ४ जून, रात्री १०:०५

ताई, आज रात्री भरू नका, एवढंच आधी सांगतो. बाकीचे सविस्तर लिहितीलच. बाराच्या ठोक्याला दुप्पट होणारी फी उद्या मागितली तर पुन्हा ४५ होते, हे मी दोनदा बघितलंय.

खिळामुद्रा | ४ जून, रात्री ११:२०

मी पुण्यात बावीस वर्षं मुद्रितशोधन आणि संपादन करतो. त्यांनी सांगितलेली एकेक गोष्ट सुटी करून बघू, म्हणजे पैसे कशाचे पडतात ते कळेल.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे. तिथं ऑनलाइन अर्ज करायचा. लेखक स्वतःचं पुस्तक स्वतः काढत असेल तर तोही करू शकतो. तेरा आकडी क्रमांक येतो, आपल्याकडचे ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. त्यानं पुस्तक चांगलंही ठरत नाही आणि तुमच्या मालकीचंही ठरत नाही.

कॉपीराइट तर तुम्ही वाक्य कागदावर उतरवलंत त्या क्षणी तुमचा झाला. १९५७ च्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. पुराव्यासाठी हवी असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे.

‘बेस्टसेलर’चं सांगतो. ऑनलाइन दुकानांत पुस्तकांचे शेकडो उपविभाग असतात आणि त्यांतली क्रमवारी सतत बदलत राहते. फार कमी पुस्तकं असलेल्या उपविभागात पुस्तक टाकायचं, ओळखीच्या वीस-पंचवीस जणांना एकाच सकाळी घ्यायला लावायचं आणि पहिल्या क्रमांकाचं चित्र मोबाइलवर टिपून ठेवायचं. संध्याकाळी पुस्तक खाली गेलेलं असतं. चित्र मात्र राहतं.

आता हिशेब. ४५,००० वर १८ टक्के जीएसटी ८,१००, म्हणजे ५३,१०० रुपये. प्रकाशकानं २५० रुपयांचं पुस्तक काढून १० टक्के मानधन दिलं तर प्रतीमागे २५ रुपये. फी वसूल व्हायला २,१२४ प्रती विकायला हव्यात. मराठीत पूर्वी हजाराची आवृत्ती निघायची, आता बरेच प्रकाशक पाचशेचीच काढतात. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

मग उरतं काय? तुमचं लिखाण बसून वाचणारा माणूस. पैसे द्यायचेच तर त्याचे द्यावेत. त्यांना विचारा, माझी पानं कोण वाचणार, किती पानं वाचणार आणि लेखी काय देणार?

सुईदोरा | ५ जून, सकाळी ७:१०

रात्री भरले नाहीत. सकाळी त्यांना खिळामुद्रांनी सांगितलेले प्रश्न विचारले. उत्तर आलं की दर आठवड्याला एक ऑनलाइन सत्र असतं, त्यात ८० जण असतात, साचे दिले जातात, त्या साच्यात मजकूर भरायचा. पानं वाचण्याचं वेगळं पॅकेज आहे. कराराचा नमुना मागितलाय. (आणि फी अजून ४५ च आहे.)

वाळूचं_घर | ५ जून, दुपारी १:३०

मी मूळचा मालवणचा, सध्या शारजाला. २०१९ साली असाच प्रोग्रॅम केला, नाव घेत नाही. वडिलांच्या मासेमारीच्या आठवणी लिहायच्या होत्या. साच्यात ‘तुमच्या आयुष्यातले तीन धडे’, ‘तुमचा सर्वांत मोठा पराभव’ असे रकाने होते. मी भरले. पुस्तक खरोखर ९० दिवसांत आलं. हातात घेतलं तेव्हा डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

गावी गेलो तेव्हा ते आईला वाचून दाखवलं. दहा पानं झाल्यावर ती म्हणाली, यात रापण कुठाय? बाबा रापणीचे. पन्नास माणसं मिळून किनाऱ्यावर जाळं ओढायची, कुणाला किती वाटा मिळायचा, त्यावरून भांडणं कशी व्हायची, हे सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं पुस्तकात काहीच नव्हतं. त्या रकान्यांत त्याला जागाच नव्हती आणि रापण म्हणजे काय हे विचारणारं समोर कुणी नव्हतं.

मला पैशांचं तेवढं दुःख नाही. वडिलांवरचं पुस्तक एकदा निघून गेलं, त्याचं आहे. आता परत लिहितोय, सावकाश.

जुनी_पानं | ५ जून, संध्याकाळी ६:४५

वाळूचं_घर, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. परत लिहिताय हे फार चांगलं करताय.

माझं वय ७४, म्हणून थोडं मागचं सांगते. आमच्या तरुणपणी ‘कोचिंग’ हा शब्द नव्हता, पण ते काम होत होतं. गिरगावात खटाववाडीत मौज प्रकाशनाचं कार्यालय होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नव्या लेखकाचं लिखाण बारकाईनं वाचत, शंका काढत, चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत. लेखकानं त्याचे पैसे मोजायचे नसत. त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद झालं. प्रकाशनसंस्थांत असं वाचणारी माणसंही कमी होत गेली. नवीन लिहिणाऱ्याची गरज मात्र तशीच आहे. त्या रिकाम्या जागेत आज हे वर्ग उभे आहेत. म्हणून मी त्यांना सरसकट नावं ठेवत नाही. माणूस वाचणारा आहे का, एवढंच विचारते.

या मुलीला एक सुचवते. आपल्याकडं १९०९ पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे. पुस्तकाआधी एक प्रकरण लेख म्हणून एखाद्या अंकाला पाठव. छापून आलं नाही तरी लेख पुरा करण्याची सवय लागेल.

तिसरी_खिडकी | ५ जून, रात्री १०:१५

मी स्वतः व्यवसाय-कोच आहे, नाशिकला. तेव्हा माझ्याकडून थोडं.

भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. आज बोर्ड लावला की उद्यापासून कोच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही खासगी संस्था प्रमाणपत्रं देते. तिच्या पहिल्या पातळीला ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, दुसरीला १२५ आणि ५०० तास. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच, असं नाही, पण त्यानं तास घातलेत एवढं तरी कळतं.

आमच्या कामात आम्ही उत्तर देत नाही, प्रश्न विचारतो आणि पुढच्या भेटीला त्याच प्रश्नावर परत येतो. ज्याला कामाची माहिती आहे पण एकटेपणामुळं निर्णय होत नाही, त्याला याचा उपयोग होतो. घरातून धंदा करणारी बाई दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते, पण धंद्याबद्दल बोलायला तिला कुणी नसतं. हे दुखणं खरं आहे, मी रोज बघते.

पण ८० जणांचं सत्र हे व्याख्यान झालं, कोचिंग नव्हे. आणि पुस्तक व धंदा ही दोन वेगळी कामं आहेत. एकच माणूस दोन्ही करून देतो म्हणाला तर कुठल्या कामाचा त्याचा अनुभव आहे ते विचारा. मी कुणाच्याही पुस्तकाला हात लावत नाही, मला ते येत नाही. पैसे घेण्याआधी मी अर्धा तास बोलते आणि पहिल्या दोन भेटींनंतर उपयोग वाटला नाही तर उरलेले पैसे परत देते, हे लिहून देते. एवढं कुणाकडूनही मागा.

कडुलिंब | ६ जून, सकाळी ८:२०

थोडा वेगळा सूर लावतो. मी पैसे भरून एका लेखनगटात होतो, सहा महिने, दहा जणांचा गट. शिकवणी अशी फार नव्हती. पण दर शुक्रवारी रात्री दोन पानं पाठवायचीच आणि दुसऱ्याची दोन वाचून चार ओळी लिहायच्याच, हा नियम. पैसे भरले होते म्हणून मी पाळला. फुकट असतं तर तिसऱ्या आठवड्यात सुटला असता. माझं पुस्तक त्यामुळं झालं. तेव्हा पैसे देणं वाईटच असं नाही.

मधलीआळी | ६ जून, सकाळी ९:००

+१. दहा जण आणि दोन पानं, हे बरोबर.

पंचगंगाकाठ | ६ जून, दुपारी ४:१०

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, नोकरीची शेवटची नऊ वर्षं लघुउद्योग कर्ज विभागात होतो. पुस्तकातलं मला कळत नाही, धंद्यावर बोलतो. सुईदोरा, अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई किती घेता? अस्तर, हूक, दोरा धरून खर्च किती? माप घेण्यापासून हूक लावून देईपर्यंत एकूण वेळ किती? आणि क्लासमध्ये किती जणी, फी किती, तास किती? आकडे इथंच लिहा.

सुईदोरा | ६ जून, रात्री ९:३०

काका, शिलाई ४००. अस्तर ७०, हूक-दोरा-कॅनव्हास २०, इस्त्री आणि लाइटचे १० धरते. वेळ आजवर मोजला नव्हता. आज घड्याळ लावून एक शिवला, तीन तास लागले. क्लासला आठ जणी, महिना १,५००, रोज दोन तास, महिन्याचे २५ दिवस.

पंचगंगाकाठ | ७ जून, सकाळी ६:५०

आता बघा. ब्लाऊजमागे ३०० उरतात, तीन तासांचे. तासाला १०० रुपये. क्लासचे महिन्याला १२,०००, पन्नास तासांचे. तासाला २४०. खोली तीच, फळा तोच. तुमचा एक तास क्लासमध्ये शिवणाच्या जवळजवळ अडीचपट आहे. सणासुदीला रात्री दोनपर्यंत मशीनवर बसत असाल तर हे लक्षात घ्या.

म्हणजे पुस्तकाचा तुमच्या धंद्याशी संबंध काय, हेही कळलं. प्रतीमागच्या २५ रुपयांसाठी ते नाही. दुसरी बॅच भरली तर महिन्याला बारा हजार वाढतात. जी बाई पुस्तक चाळून ‘ही नीट समजावून सांगते’ म्हणेल, ती स्वतः येईल किंवा मुलीला पाठवेल.

मशीनचे पैसे मोडू नका. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाखापर्यंत, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज, तारणाशिवाय. घरातल्या एकालाच मिळतं, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. अर्ज जवळच्या सीएससी केंद्रातून (सरकारी कामं ऑनलाइन करून देणारं केंद्र) होतो, शहरात नगरपालिका-महानगरपालिकेकडून पडताळणी होते. उद्यम नोंदणीही (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) करून टाका, तीही ऑनलाइन आणि फुकट आहे. ‘करून देतो’ म्हणून हजार-दोन हजार मागणारे भेटतील, देऊ नका.

धंद्याचं प्रशिक्षण हवं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र हे राज्य सरकारचं १९८८ पासून आहे. कोल्हापूरला जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. तिथले काही वर्ग कंटाळवाणे असतात, पण हिशेबाची वही लिहायला शिकवतात, आणि ती वही बँकेला दाखवता येते.

सुईदोरा | ७ जून, रात्री १०:४०

काका, तुमचं ते १०० आणि २४० मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय. अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

कराराचा नमुना आला. त्यात एक कलम आहे. पुस्तक, त्यातल्या आकृत्या आणि ‘त्यावर आधारित सर्व प्रशिक्षण साहित्य व चित्रफिती’ यांचे हक्क दहा वर्षांसाठी कंपनीकडं. याचा अर्थ काय घ्यायचा?

खिळामुद्रा | ८ जून, सकाळी ७:३०

याचा अर्थ, उद्या तुम्ही आपल्याच क्लासचा व्हिडिओ केला तर तो तुमचा राहणार नाही, असं ते म्हणू शकतात. सही करू नका. पैसे तुम्ही द्यायचे आणि हक्कही तुम्हीच द्यायचे, हे कुठल्याच बाजूनं बसत नाही.

पुढं कुठल्याही प्रकाशकाशी करार करताना १९५७ च्या कायद्याचं कलम १९ लक्षात ठेवा. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे त्यात असायला हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वाचून समजलं नाही तर इथं टाका.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. ती कविता, कथा, कादंबरी अशा ललित लिखाणासाठी आहे. तुमचं पुस्तक त्यात बसणार नाही. वाळूचं_घर, तुमचंही नाही, कारण ती पहिल्या पुस्तकालाच मिळते.

आता लिखाणाचं. तुम्ही बोलता ते चांगलं, हे जतच्या वहीनं दाखवलंय. मग मोबाइल फळ्याजवळ ठेवा आणि महिनाभर क्लासमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करा. रोज रात्री त्यातली दहा मिनिटं कागदावर उतरवा. भाषा बदलू नका, ‘मुंढा’ला (बाही जोडायची गोलाई) दुसरा शब्द शोधू नका. एक पाठ पुरा झाला की ज्या मुलीनं कधी कात्री धरली नाही तिला तो द्या, तुम्ही खोलीबाहेर जा, आणि तिला जुन्या साडीवर कटिंग करू द्या. ती कुठं थांबते ते तिला लिहायला सांगा. तुमच्या पुस्तकाला याहून चांगला संपादक मिळणार नाही, मीही नाही.

कडुलिंब | ८ जून, सकाळी ८:०५

ताई, दर शुक्रवारी रात्री दोन पानं मला पाठवा. मला शिवण अजिबात येत नाही, पण वाचून चार ओळी नक्की लिहीन. फी नको. तुम्ही माझी वाचा.

वाळूचं_घर | ८ जून, सकाळी ११:४०

मलाही घ्या या शुक्रवारात.

सुईदोरा | २१ सप्टेंबर, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, माफ करा. मध्ये सण होते, मशीन बंद नव्हतं.

प्रोग्रॅम लावला नाही. विश्वकर्माचा अर्ज भरलाय, पडताळणी झाली, प्रशिक्षणाची तारीख यायची आहे. दुपारची दुसरी बॅच सुरू केली, सध्या पाच जणी. सणात शिवणकाम मुद्दाम कमी घेतलं, पहिल्यांदाच. मन धजत नव्हतं, पण १०० आणि २४० कडं बघून घेतलं.

शुक्रवार चौदा झाले. आम्ही तिघं दोन वेळा चुकलो, बाकी पानं गेली. सध्या ६१ पानं आहेत. कडुलिंबदादांनी विचारलं होतं, ‘टक्स म्हणजे काय, हे पहिल्या पानावर का नाही?’ अकरा वर्षं टक्स (अंगाला बसावं म्हणून कापडाला घातलेल्या चुण्या) घालतेय, पण ते काय असतं हे एका वाक्यात लिहायला मला चार दिवस लागले.

खिळामुद्रांची परीक्षा तिघींवर घेतली. पहिलीनं पाठीचा भाग कापला आणि तो दोन तुकड्यांत निघाला. मी लिहिलं होतं, ‘कापडाची घडी घाला आणि पाठीचा कागद त्यावर ठेवा.’ तिनं कागदाची मधली बाजू कापडाच्या उघड्या कडेला ठेवली. ती बंद बाजूला, घडीवर ठेवायची, हे मी लिहिलंच नव्हतं. क्लासमध्ये हे मी तोंडानं सांगतच नाही, हातानं कागद सरकवून देते. दुसरीचा मुंढा अर्ध्या इंचानं आवळला, कारण शिलाईसाठी सोडायचा अर्धा इंच माझ्या आकृतीत धरलाय की नाही हे तिला कळेना. तिनं कागदावर लिहिलं होतं, ‘इथं मी वीस मिनिटं बसले.’ ते वाचून मला फार वाईट वाटलं. पुस्तक छापलं असतं तर अशा किती जणी बसल्या असत्या आणि मला कळलंही नसतं.

मग आपटे वाचन मंदिरात गेले, शिवणकामाची जेवढी पुस्तकं मिळाली तेवढी चाळली, घडी कशी दाखवलीय ते बघायला. आता माझ्या आकृत्यांत घडीची बाजू जाड रेघेनं आणि शिलाईची रेघ तुटक काढलीय, प्रत्येक पानावर सारखी.

तिसरी मुलगी काल बसली. दहावी झालेली, मशीनला कधी हात न लावलेली. मी स्वयंपाकघरात होते. दीड तासानं तिनं हाक मारली. चारही भाग बरोबर होते, फक्त बाहीचा पुढचा आणि मागचा मुंढा उलटा झाला होता.

खिळामुद्रा | २२ सप्टेंबर, सकाळी ६:४०

बाहीवर पुढच्या बाजूला एक खूण आणि मागच्या बाजूला दोन खुणा देऊन बघा. आणि ते पान मला पाठवा, आज रात्री वाचतो.

सुईदोरा | २२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

पाठवते. खुणा कात्रीनं द्यायच्या की खडूनं, तेवढं आधी तिला विचारून घेते. नऊला येईल ती.